पासष्टच्या वेगाला थरथरणारी जिप्सी: दोष स्टीअरिंग नकलच्या आत होता

गाडी मारुती जिप्सी किंग, एमजी ४१३ डब्ल्यू, २००७ची, १.३ लिटर पेट्रोल. चारही चाकांना पाटे (लीफ स्प्रिंग), पुढे डिस्क ब्रेक. मूळच्या २०५/७० आर १५ टायरांच्या जागी २३५/७५ आर १५ बसवलेले, म्हणजे चाक व्यासाने जवळजवळ ६५ मिमी मोठं आणि बरंच जड. रिम रुंद, बाहेर निघालेले. आठवडाभर सोसायटीत उभी आणि शनिवार-रविवारी मुळशी-मावळच्या कच्च्या रस्त्यांवर, असा वापर. पावसाळ्यात ओढे ठरलेलेच.

तक्रार अशी: ताशी ६० ते ७० किमीच्या दरम्यान डाव्या चाकाखाली खड्डा किंवा पुलाचा जॉइंट आला की स्टीअरिंग दोन्ही बाजूंना झटके मारू लागतं. हळूहळू वाढत नाही, एकदम सुरू होतं आणि वेग ४०च्या खाली आणल्याशिवाय थांबत नाही. ब्रेक दाबल्यामुळे सुरू होत नाही, त्यामुळे डिस्क वाकडी असल्याचा संशय तिथेच गळाला. गुळगुळीत रस्त्यावर नव्वदलाही गाडी शांत. पहिला धक्का लागतो, मग थरथर स्वतःच्या जोरावर चालू राहते.

या तपासणीआधी झालेला खर्च नेहमीचाच. व्हील बॅलन्सिंग, अलाइनमेंट, चारही टाय रॉड आणि ड्रॅग रॉड एंड, शेवटी नवा स्टीअरिंग डॅम्पर, म्हणजे स्टीअरिंगचे झटके शोषणारा शॉक ॲब्सॉर्बर. डॅम्पर बसवल्यावर गाडी काही काळ गप्प बसली. पुढचा पावसाळा अर्ध्यावर आला तोवर तीच थरथर, आणि आता जास्त जोरात.

जिप्सीचा पुढचा ॲक्सल अखंड आहे. एक चाक खड्ड्यात उतरलं की सगळा ॲक्सल तिरका होतो. फिरतं चाक असं अचानक तिरकं झालं की ते वळायला बघतं. ते वळलं की टाय रॉड दुसऱ्यालाही ओढतो, जमीन दोघांना परत ढकलते आणि झुलण्याचं चक्र सुरू होतं. हे चक्र मारणारी मुख्य गोष्ट डॅम्पर नाही. नकल म्हणजे ॲक्सलच्या टोकाचा, चाकासकट वळणारा भाग. ती वरच्या आणि खालच्या ज्या दोन पिनांवर, म्हणजे किंगपिनांवर, फिरते, त्यांच्या टेपर रोलर बेअरिंगना शिम (पातळ धातूच्या चकत्या) कमी-जास्त करून मुद्दाम थोडा दाब दिलेला असतो. त्या दाबाचं घर्षण झुलणं सुरुवातीलाच खाऊन टाकतं. दाब गेला की डॅम्परला ते काम एकट्याने करावं लागतं. तो काही हजार किलोमीटर करतो आणि थकतो. म्हणून डॅम्पर बदलल्यावर थरथर थांबली, तर दोष सापडला असं नाही, फक्त झाकला गेला.

तपासणीची सुरुवात फुकटच्या गोष्टींपासून. चिखलातून आलेल्या गाडीच्या रिमच्या आतल्या बाजूला लाल माती थापून वाळलेली असते. पाव किलोचा एक गोळाही अख्खं बॅलन्सिंग बिघडवतो, आणि तो बाहेरून दिसत नाही. रिम आतून धुतले, पुढची चाकं मागे टाकली. थरथरीत फरक नाही, म्हणजे टायर संशयातून सुटले. यू-बोल्ट घट्ट, पाट्यांचे बुश ठीक, शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या पट्ट्या) मूळ मापाचेच. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. जिप्सीत पुढच्या पाट्यांचे शॅकल पुढच्या टोकाला असतात. उंची वाढवायला लांब शॅकल लावले की ॲक्सल पुढे झुकतो, कॅस्टर (किंगपिनांच्या रेषेचा मागे झुकलेला कोन) घटतो आणि गाडी भटकू लागते. तसं असतं तर तपास तिकडे वळवावा लागला असता.

मग एकेक पुढचं चाक उचललं. मागच्या चाकांना ठोकळे, ॲक्सलखाली घोडी (स्टँड), नुसत्या जॅकवर काहीही नाही. आधी चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवलं. टाय रॉड एंड नवे असल्याने तिथे प्ले (ढिलेपणा) नव्हता. मग बारा आणि सहाच्या जागी. डावीकडे स्पष्ट टकटक, उजवीकडे किंचित. बहुतेक गॅरेजमध्ये इथेच व्हील बेअरिंगचं नट आवळून गाडी परत दिली जाते. त्याआधी एक चाचणी करायची: दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरायचा आणि चाक पुन्हा तसंच हलवायचं. ब्रेक दाबल्यावर कॅलिपर डिस्कला, म्हणजेच हबला, नकलशी जखडतो. त्यामुळे व्हील बेअरिंगचा प्ले असेल तर तो नाहीसा होतो. इथे ब्रेक दाबूनही टकटक तशीच राहिली. हलत होती ती अख्खी नकल, किंगपिनवर.

दुसरा पुरावा नकलच्या मागच्या गोल घुमटावर होता. या घुमटावरून एक वायपर सील फिरतं, रबर आणि नमद्याचं, धातूच्या दोन अर्ध्या पट्ट्यांनी बांधलेलं. स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून घुमट पाहायचा. पातळ, चमकता तेलकट थर म्हणजे सगळं ठीक. काळं पातळ तेल ओघळत असेल तर आतलं ॲक्सल ऑईल सील गेलं आहे आणि डिफरन्शियलचं तेल नकलमध्ये येऊन ग्रीस धुऊन काढतंय. गंजाच्या रंगाचा ओघळ म्हणजे बाहेरचं पाणी आत जातंय. डाव्या घुमटावर या दोन्ही खुणा होत्या आणि नमद्यात बारीक रेती भरलेली होती. रेती भरलेला नमदा घुमटाला पॉलिश पेपरासारखा घासतो, घुमटावर ओरखडे पडतात आणि ओरखड्यांतून आणखी पाणी शिरतं.

काम दोन्ही बाजूंचं एकदमच करायचं, म्हणून सामान तसं आणलं: किंगपिन बेअरिंग ४, वायपर सीलचे संच २, ॲक्सलची आतली ऑईल सील २, हबची ऑईल सील २, व्हील बेअरिंगचे लॉक वॉशर २, ०.१ आणि ०.५ मिमीच्या शिम, नवे स्प्लिट पिन, लिथियम ईपी २ ग्रीस एक किलो, ८०डब्ल्यू-९० गिअर ऑईल दोन लिटरहून थोडं जास्त, रॉकेल आणि भरपूर चिंध्या. पुण्यात नाना पेठेत हे सगळं मिळतं, पण वायपर सीलमध्ये नकली माल भरपूर. त्याचा नमदा हाताला कडक लागतो आणि तेल पीत नाही, असा संच घेऊच नये. बेअरिंगच्या बाबतीत जुन्या बेअरिंगवरचा नंबर वाचून तोच, नावाजलेल्या कंपनीचा घ्यायचा. अवजारांत नेहमीच्या पान्यांखेरीज तीन गोष्टी हव्यात: टॉर्क रेंच, टाय रॉड पुलर आणि पाच किलोपर्यंतचा स्प्रिंग काटा. काटा नसेल तर हे काम अंदाजाचं होतं, आणि अंदाजाने केलेलं काम वर्षभरात परत उघडावं लागतं.

खोलण्याचा क्रम असा. चाक काढून कॅलिपर सोडला आणि तारेने पाट्याला टांगला. नळीवर लोंबकळू द्यायचा नाही. डिस्क अडकली होती. तिच्यावरच्या दोन आटेदार भोकांत ८ मिमीचे बोल्ट आळीपाळीने आवळल्यावर ती सुटली. हबच्या तोंडावरची टोपी, तिच्या आतलं सर्क्लिप, मग ड्राइव्ह फ्लँज. ज्या गाड्यांना फ्री-व्हील हब आहेत तिथे फ्लँजऐवजी ते निघतात. लॉक वॉशरचा वाकवलेला कान सरळ करून नट काढले आणि हब बाहेर घेतला. मग स्पिंडल, म्हणजे हब ज्याच्यावर फिरतो तो पोकळ दांडा. ते गंजाने धरलेलं असतं. लाकडी ठोकळा ठेवून चहूबाजूंनी हलके ठोके द्यायचे, कडेवर छिन्नी मारायची नाही. स्पिंडल सुटल्यावर ॲक्सल शाफ्ट त्याच्या सीव्ही जॉइंटसकट सरळ ओढून काढला. आतलं सील कापलं जाऊ नये म्हणून शाफ्ट खाली झुकू द्यायचा नाही, जरी ते सील बदलायचंच असलं तरी. तीच सवय बसवतानाही कामी येते.

टाय रॉड एंड पुलरने सोडला. हातोडीने ठोकून सोडला तर नव्या एंडचं रबर फाटतं, आणि हे या गाडीत एकदा आधी झालेलं दिसत होतं. वायपर सीलच्या पट्ट्या सोडल्या. आता किंगपिन. काढण्याआधी वरची आणि खालची पिन खुणेने वेगळी करायची, आणि प्रत्येकीखालच्या शिम तिच्याच पिशवीत ठेवायच्या. त्या एकमेकांत मिसळल्या तर मूळ मांडणीचा हिशेब गेला. पिना काढून नकल सावकाश ओढायची, कारण खालचं बेअरिंग बऱ्याचदा निसटून जमिनीवर पडतं. इथे ते पडलं, पण तसंही ते फेकायचंच होतं.

आतलं दृश्य अपेक्षेपेक्षा वाईट. नकलमधलं ग्रीस दुधाळ, खाकी रंगाचं, तळाला गढूळ पाण्याचा थर. खालच्या बेअरिंगच्या बाहेरच्या रेसवर (रोलर जिच्यावर फिरतात त्या कडीवर), बोटाच्या नखाला लागतील असे, रोलरच्या मापाचे आडवे खळगे एका ओळीत उमटलेले. किंगपिनचं बेअरिंग कधीच पूर्ण फेरी फिरत नाही. गाडी सरळ चालत असताना ते दोन-चार अंशांतच मागेपुढे होत राहतं. ग्रीस धुऊन गेलं की खड्ड्यांचे सगळे मार त्याच रोलरांखाली त्याच जागी बसतात. खळगे पडले की दाब संपतो, शिवाय स्टीअरिंग मध्यावर किंचित अडकतं. नकल हातात धरून हळू फिरवली तर ती अडकण बोटांना जाणवते. उजवीकडे खळगे नव्हते, फक्त गंजाचे ठिपके. डावी बाजू जास्त खराब असणं आपल्याकडे नवं नाही. समोरून एसटी आली की डावं चाक साइडपट्टीवर उतरतं, आणि खड्डे तिथेच असतात.

पाणी आत कसं शिरलं याचं अर्धं उत्तर वायपर सील. उरलेलं अर्धं ॲक्सलच्या ब्रीदरमध्ये होतं. ब्रीदर ही ॲक्सलवरची छोटी टोपी. गरम झाल्यावर आतली हवा तिथून बाहेर जाते. इथे ती मातीने पूर्ण बंद होती. ६० अंशांना तापलेला ॲक्सल २५ अंशांच्या ओढ्यात उतरला की आतली हवा आकसते आणि बंद ॲक्सलमध्ये दाब सुमारे दहाव्या हिश्शाने घटतो. तेवढी ओढ थकलेल्या सीलच्या ओठातून पाणी खेचायला पुरेशी. उलट गाडी तापली की तोच बंद ब्रीदर आतल्या तेलाला सीलमधून नकलमध्ये ढकलतो. म्हणजे नुसती सीलं बदलून ब्रीदर तसाच ठेवला असता तर पुढच्या पावसाळ्यात हेच काम पुन्हा. टोपी काढून निपलवर बसेल अशी तेल सहन करणारी नळी लावली आणि ती इंजिनच्या कप्प्यात फायरवॉलपाशी, उलटा यू करून, वर बांधली. स्टीअरिंग आणि पाटे पूर्ण हलले तरी ताणली जाणार नाही इतकी ढील सोडली.

साफसफाईला दिलेला वेळ वाया जात नाही. सीव्ही जॉइंट रॉकेलमध्ये धुतला, गोळ्या आणि पिंजरा एकेक करून पाहिला. गंजाचे पुसट डाग होते, खड्डे नाहीत. फोर बाय फोरमध्ये पूर्ण वळणावर कडकड आवाज येत नव्हता, त्यामुळे तो तसाच ठेवला. घुमटावरचे ओरखडे बारीक पॉलिश पेपरने, रॉकेल लावून, आडव्या दिशेने काढले. खोल खड्डा असेल तर तिथे सील टिकणार नाही, हे मान्य करून घुमट बदलावा. वापरलेले ॲक्सल कुर्ल्याच्या सीएसटी रोडला मिळतात, पण घेताना घुमटच आधी बघायचा.

जुन्या रेस आतून तांब्याच्या ड्रिफ्टने, आळीपाळीने दोन्ही बाजूंना ठोकून काढल्या. नव्या रेस रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवल्या होत्या आणि जुनी रेस उलटी ठेवून तिच्यावर ठोकून बसवल्या. ठोक्याचा आवाज पोकळावरून भरीव झाला की रेस तळाला टेकली. त्यानंतरही खालून कड बघायची. रेस पाव मिमी वर राहिली तर शिमचा सगळा हिशेब खोटा ठरतो. आतलं ॲक्सल सील बसवताना शाफ्टवर जुन्या ओठाची चर पडलेली दिसली. नवं सील त्याच चरीवर बसलं तर पहिल्या दिवसापासून गळतं. म्हणून ते दोन मिमी बाहेरच्या बाजूला, ताज्या पृष्ठभागावर ओठ येईल असं बसवलं. बसवण्याआधी ओठाला ग्रीस लावायचं, कोरडं सील पहिल्या काही किलोमीटरमध्येच जळतं.

आता शिम, म्हणजे या कामाचा गाभा. बेअरिंगना ग्रीस भरून नकल चढवली, पण वायपर सील आणि ॲक्सल शाफ्ट न लावता. नाही तर त्यांचं घर्षणही मोजलं जातं. किंगपिनचे बोल्ट २० ते ३० न्यूटन-मीटरला आवळले. नकल चार-पाच वेळा पूर्ण फिरवून रोलर बसू दिले. मग टाय रॉडच्या भोकात स्प्रिंग काटा अडकवून नकलच्या हाताशी काटकोनात ओढला. नकल हलायला सुरुवात होते तो आकडा १.० ते १.८ किलोच्या मध्ये हवा. नवी बेअरिंग आणि जुन्याच शिम ठेवल्या तेव्हा काटा अडीच किलोच्या पुढे गेला. जुन्या बेअरिंगचा सैलपणा झाकायला कुणीतरी आधी शिम काढल्या होत्या हे यातून कळलं. शिम काढल्या की दाब वाढतो, घातल्या की घटतो. वर आणि खाली ०.१ मिमीची एकेक घातल्यावर काटा १.४ला आला. वरखाली सारख्याच घालायच्या. एकाच बाजूला भर दिला तर नकल ॲक्सलच्या मध्याशी जुळत नाही आणि सीव्ही जॉइंट तिरका चालतो.

घट्ट म्हणजे चांगलं असं वाटून अडीच किलोवर सोडून द्यायचा मोह होतो, कारण त्या अवस्थेतही थरथर थांबते. पण मग वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ येत नाही, हात दुखतात आणि नवी बेअरिंग लवकर संपतात. घाटात हे धोक्याचं आहे. उजव्या बाजूला जुन्याच शिमवर १.६ आला, तिथे हात लावला नाही.

मापं जुळल्यावर पिना शेवटच्या वेळी काढून त्यांच्या कडेला आणि शिमना सीलंटचा अगदी पातळ थर दिला. जाड थर स्वतःच शिमचं काम करतो आणि मोजलेला आकडा बदलतो. नकलची पोकळी दोन तृतीयांशच ग्रीसने भरली. गच्च भरली तर तापल्यावर फुगलेलं ग्रीस वायपर सील बाहेर ढकलतं. नमदा आधी गिअर ऑईलमध्ये भिजवून निथळून घेतला. वायपर सीलचा जोड वरच्या बाजूला ठेवला. स्पिंडलमधल्या बुशला ग्रीस, हबला नवं सील, नवा लॉक वॉशर. व्हील बेअरिंगचं नट हब फिरवत आवळून, थोडं सैल करून, पुन्हा प्ले संपेल इतपतच आवळायचं आणि लॉक वॉशरचा कान वाकवायचा. जुना वॉशर परत वापरला तर कान तुटतो आणि नट रस्त्यात सुटतं. टाय रॉडच्या कॅसल नटचं भोक जुळवताना नट सैल करायचं नाही, पुढच्या खाचेपर्यंत आवळायचं.

डिफरन्शियलचं तेल काढलं तेव्हा कॉफीच्या रंगाचं निघालं. पुढच्या ॲक्सलला सुमारे दोन लिटर लागतं. लिटर मोजण्यापेक्षा भरायच्या प्लगच्या काठावरून तेल ओघळेपर्यंत भरावं, गाडी सपाट जागी उभी करून.

टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरच्या बाजूला किंचित आत वळलेली ठेवणं, घरच्या घरी जमतो. टायरच्या मध्यावर खडूची रेघ, हबच्या उंचीवर पुढून आणि मागून दोन्ही टायरांमधलं अंतर टेपने. मागचं अंतर पुढच्यापेक्षा २ ते ६ मिमी जास्त हवं. इथे आधीच्या अलाइनमेंटचा टो-इन आता शून्याच्या जवळ आला होता, कारण नकल सैल असताना केलेलं अलाइनमेंट नकल घट्ट झाल्यावर खरं राहत नाही. टाय रॉडला अर्धा फेरा दिल्यावर तो ४ मिमीवर आला. मोठे टायर आणि बाहेर निघालेले रिम मालकाने बदलले नाहीत. बेअरिंगवर पडणारा मार त्यामुळे जास्तच राहणार.

चाचणीसाठी डॅम्पर मुद्दाम काढून ठेवला. ४०, ५०, ६०, ७० अशा टप्प्यांनी, रिकाम्या सरळ रस्त्यावर, आधी गुळगुळीत आणि मग पुलाच्या जॉइंटवरून. जॉइंटवर स्टीअरिंगला एक धक्का बसला आणि तिथेच विरला. त्यानंतर डॅम्पर परत बसवला. ५०० किमीनंतर किंगपिनचे बोल्ट आणि व्हील बेअरिंग पुन्हा तपासली. डाव्या बाजूचे दोन बोल्ट किंचित फिरले, बाकी जागच्या जागी.

हबच्या वर पाणी चढेल असा ओढा ओलांडायचा असेल तर काठावर दहा-पंधरा मिनिटं थांबून ॲक्सल निवू द्यायचा. गाडी घरी आली की रात्रभर सपाट जागी उभी ठेवायची आणि सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचा ड्रेन प्लग दोन-तीन आटे सैल करायचा. पाणी तेलाहून जड, ते तळाला बसलेलं असतं आणि पहिलं तेच बाहेर येतं. स्वच्छ तेलाचे दोन-चार थेंब आले तर प्लग आवळायचा. पाणी आलं तर तेल बदलायचं, आणि ते पुढच्या डिफरन्शियलमधून आलं असेल तर दोन्ही नकलची वायपर सील सोडून आतल्या ग्रीसचा रंग बघायचा.